यंदा कावडीच्या बाजूने चाल

अमरावती,
मृगाचा दुसरा आठवडा

चि. बाळूस,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप आली नाही. एकच वाक्य तू तीनदा बोललास, "आत्याबाई, चौदा हप्ते झाले, हात डोक्यावर जातच नाही वं." आणि शेवटी, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तितक्या सहज, "श्रावणात कावड मात्र उचलतो, मंडळाले शब्द देल्ला हाय." मी तेव्हा गप्प बसले. फोनवर तुला काही सांगावं तर तू "हो हो" म्हणतोस, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं आणि माझं सांगणं तुरीच्या कट्ट्यामागे पडून राहतं. म्हणून कागद काढला. कागद दोनदा वाचता येतो.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवली, एवढीच माझी विद्या. पण सहा वर्षांपूर्वी माझाही उजवा खांदा असाच दुर्बिणीतून शिवला गेला, तुझे मामाजी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यामुळे या दुखण्यातला रस्ता कुठे खडबडीत आहे ते मला ठाऊक आहे. तुझी फाट किती मोठी होती, टाका किती घट्ट बसला, हे तुझ्या सर्जननं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं आणि फिजिओचं म्हणणं माझ्या पत्राच्या आड आलं तर पत्र बाजूला ठेव.

तू सगळ्यांना सांगतोस, "नस फाटली होती, शिवली." नस नाही रे ती, कंडरा. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो, त्यात मांडीच्या हाडाचा गोळा मुसळासारखा बसतो. खांद्याचं तसं नाही. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेला लाडू. बशी उथळ, म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच लाडू घरंगळू नये यासाठी चार स्नायूंच्या कंडरा त्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात. डॉक्टर त्यालाच रोटेटर कफ म्हणतात. तू पन्नास किलोचा कट्टा एका झटक्यात खांद्यावर घ्यायला गेलास तेव्हा त्यातली वरची कंडरा हाडावरून सुटली. डॉक्टरांनी हाडात बारीक अँकर बसवून तिला दोऱ्याने परत हाडाशी बांधलं.

बांधलं म्हणते मी, जोडलं म्हणत नाही. इथेच सगळं अडतं.

लहानपणी तू वरुडला माझ्या सासरी यायचास तेव्हा संत्र्याची कलमं पाहिली आहेत. जंबेरीच्या खुंटाला चीर देऊन माळी त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायचा. तू एकदा ती पट्टी सोडून पाहिली होतीस, आत काय चाललंय म्हणून, आणि तुझ्या मामाजींनी तुझा कान धरला होता. आठवतं? पट्टीनं कलम धरत नाही, धरतं ते झाड. पट्टी फक्त डोळ्याला जागेवरून हलू देत नाही. तुझ्या खांद्यातले दोरे म्हणजे ती पट्टी. कंडरेला रक्त कमी पोचतं, त्यामुळे हाडाशी सांधणारं काम मुंगीच्या पावलानं चालतं. पहिले सहा आठवडे तर सगळा भार दोऱ्यांवरच. पुढे तीन महिन्यांपर्यंत काहीसा जीव येतो. खरी ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं. शिवलेली कंडरा पुन्हा सुटते ती बहुतेक वेळा पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच. आता बोटं मोज, तू आज कुठे उभा आहेस आणि श्रावणातला शेवटचा सोमवार कुठे येतो.

आपल्या अमरावती-अकोला रस्त्याने जून २०२२ मध्ये विक्रम केला. ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं, गिनीज बुकात नाव गेलं. तेव्हापासून मला वाटतं आपल्याकडच्या माणसांना सगळंच तसं व्हावं असं वाटायला लागलं आहे. कंडरेला माणसं आणि यंत्रं वाढवून दिली तरी ती लवकर सांधत नाही, बापा.

माझी फजिती ऐक. नववा आठवडा होता. हाताचा पट्टा निघाला होता, हात पोटापर्यंत छान येत होता, मनाने मी बरी झाले होते. फडताळावरची लोणच्याची बरणी दिसली. कोणाला हाक मारायची? शेजारणीला? एका बरणीसाठी? उजव्या हाताने धरली, डाव्याचा आधार दिला आणि खाली ओढली. खांद्यात काडी मोडल्यासारखं झालं. बरणी वाचली, मी मात्र खाली बसले. तपासणीत टाका शाबूत निघाला, नशीब माझं. पण पुढचे तीन आठवडे पुन्हा पट्टा, पुन्हा बसून झोपणं. त्या बरणीतलं लोणचं मी त्या वर्षी खाल्लं नाही. चूक माझी होती, पण त्या चुकीमागे जे होतं त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. दुखणं मी सोसत होते. सोसवत नव्हतं ते हाक मारणं.

तुझंही तेच आहे आणि ते सूनबाईनं मला सांगितलं आहे, तिच्यावर चिडू नकोस. अंगात सदरा घालायला ती आली की तू तोंड फिरवतोस. पायजम्याची नाडी एका हाताने बांधायला वीस मिनिटं घालवतोस आणि मग दुकानाला उशीर झाला म्हणून तिच्यावरच ओरडतोस. आजारी हात आधी वर जातो तो दुसऱ्याच्या हाताने, स्वतःच्या जोरावर नाही. पहिल्या महिन्यांत व्यायामाचा सगळा मंत्रच तो होता, फिजिओ हात उचलणार आणि तुझा खांदा झोपल्यासारखा पडून राहणार. तुला ते जमलं नाही. तू मदत करायला जायचास, खांदा ताठ करायचास. आज हात अडतो त्यात थोडा वाटा त्या ताठपणाचाही असेल. घरातल्या कर्त्या पुरुषाला हात सैल सोडून दुसऱ्याच्या हवाली करणं जड जातं, मला समजतं. पण सहा महिने सूनबाईनं नाडी बांधली तर अकोल्यात कोणाची अब्रू जात नाही.

आणि दुकानात बसून हात दाखवणं आजपासून बंद कर. मला माहीत आहे तिथे काय होतं. गादीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय शेठ, हात कसा काय? होते काय वर?" आणि तू दाखवतोस. कमिशन एजंट येतो, त्याला दाखवतोस. हमाल येतो, त्याला दाखवतोस. दिवसाला दहा वेळा, अंग न तापवता, दात ओठ खाऊन, खांदा कानाला लावून जेवढा जाईल तेवढा हात वर. यापेक्षा वाईट व्यायाम मला तरी सुचत नाही. कोणी विचारलं तर "चालू आहे" एवढंच म्हण आणि चहा सांग.

खांदा कानाला लागतो हे मी उगाच लिहिलं नाही. निवृत्तीनंतर मी सकाळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या बाजूने फिरायला जायची. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं मंडळ, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथली माणसं तिकडे जाऊन देशी खेळ दाखवून आली, हे आम्ही पोरांना शाळेत अभिमानाने सांगायचो. तिथे मल्लखांबावर चढणारी पोरं पाहताना आपण त्यांचे हात पाहतो. ऑपरेशननंतर मी त्यांच्या उघड्या पाठी पाहायला लागले. हात वर जाताना पाठीवरचं फऱ्याचं हाड, तो त्रिकोणी पंख, केवढा सरकतो! हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण दोन वाटे काम गोळ्याच्या सांध्याचं आणि एक वाटा त्या फऱ्याचा. तुझा सांधा आखडला आहे, म्हणून फरा त्याच्या वाटचंही काम करायला धावतो आणि खांदा कानाकडे उचलला जातो. हात वर गेल्यासारखा दिसतो, गेलेला नसतो. कपाटाच्या आरशासमोर उभा राहा. खांदा जिथे उचलायला लागेल तिथे थांब, तेवढीच तुझी आजची खरी उंची. ती तुला आवडणार नाही.

झोके देण्याचा व्यायाम तू सोडून दिलास म्हणे, पोरखेळ वाटतो म्हणून. ओट्याला डावा हात टेकून कमरेत वाकायचं, उजवा हात खाली सोडायचा. विहिरीत सोडलेला पोहरा स्वतः हलतो का? दोर हलतो म्हणून तो हलतो. तसं अंग झुलवायचं, हात आपोआप झुलतो. हा व्यायाम अमेरिकेत बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखतात. माझ्या फिजिओनं त्याची गोष्ट सांगितली तेव्हापासून तो माणूस मला आवडायला लागला. फाटलेली कंडरा शिवून रोगी बरा झाल्याचं त्याने १९११ साली छापून प्रसिद्ध केलं, १९३४ मध्ये खांद्यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि फ्रोझन शोल्डर हे नावही त्याचंच. पण त्याच्या काळच्या डॉक्टरांना तो नकोसा झाला तो वेगळ्याच कारणाने. तो म्हणायचा, रोगी घरी गेला म्हणजे काम संपलं नाही. प्रत्येकाचं कार्ड ठेवा, वर्षभरानंतर त्याला बोलावून पाहा आणि काय झालं ते खरं खरं लिहा, चुका झाल्या असतील तर त्याही. मोठ्या इस्पितळातल्या लोकांशी त्याचं पटलं नाही, त्याने स्वतःचं छोटं इस्पितळ काढलं आणि आपल्या चुका छापून टाकल्या.

तर तूही एक वही कर. रोज लिहू नकोस. रोज मोजणारा माणूस रोज निराश होतो, कारण खांदा कालच्यापेक्षा आज कधी कधी मागे जातो. पाऊस पडला, झोप नीट झाली नाही, दुकानात जास्त लिहिणं झालं, एवढंही पुरतं. रविवारी सकाळी शेक घेऊन, व्यायाम झाल्यावर, भिंतीसमोर उभा राहा आणि बोटांनी मुंगीसारखा वर चढ. खांदा न उचलता जिथे पोचशील तिथे पेन्सिलीने खूण. आमच्या दाराच्या चौकटीवर दर दसऱ्याला पोरांची उंची मांडायचो ना, तिथेच शेजारी माझ्या खांद्याच्या खुणा आहेत. मधले पाच आठवडे एकाच रेषेवर रेषा आहे, लाकूड काळं झालं आहे. सहाव्या रविवारी दोन बोटं वर. का ते कोणी सांगू शकलं नाही.

अंशांपेक्षा वहीत कामं लिही. माझ्या वहीत असं होतं: घास तोंडापर्यंत सरळ आला. चष्मा लावता आला. वेणी घालता आली, पण सैल. पातळाच्या निऱ्या. दोरीवर ओलं लुगडं टाकलं (हे सातव्या महिन्यात). पाठीमागे हात नेऊन काही खोचणं सगळ्यात शेवटी आलं, जवळजवळ दहाव्या महिन्यात, आणि आजही उजवा अंगठा डाव्याच्या एक वीत खालीच थांबतो. त्याने माझं काही अडत नाही. तुलाही पाठीमागचं सगळ्यात उशिरा येईल. नाडी पुढे बांधतात, सदऱ्याला गुंड्या पुढे असतात, पुरुषांचं बरं आहे.

दुखण्याबद्दल. ताणल्याचं दुखणं आणि बिघडल्याचं दुखणं यांचा आवाज वेगळा असतो. व्यायामानंतर ओढ लागते, ठणकतं, पण तासाभरात निवतं, दुसऱ्या सकाळी खांदा आदल्या दिवशीइतकाच असतो, ते चालेल. सुई टोचल्यासारखी कळ आली, रात्री ठणक्याने जाग आली, सकाळी हात कमी उचलला गेला, तर आदल्या दिवशी जास्त झालं. त्या दिवशी निम्मं कर, पूर्ण बंद करू नकोस. पूर्ण बंद करणारा आणि दुप्पट करणारा दोघेही शेवटी एकाच बाकावर भेटतात, फिजिओच्या दारात. एकदम अर्धा तास जोर काढण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं दिवसातून चार वेळा बरं. गोळी डॉक्टरांनी लिहिली असेल तेवढीच, मेडिकलवरून आपल्या मनाने वाढवून आणायची नाही, त्याने मूत्रपिंड बिघडलं तर ते काही असं शिवून बरं होत नाही. आणि पडलास, धक्का बसला नि आदल्या दिवशी उचलला जाणारा हात अचानक उचलला जाईना, किंवा ताप आला, छिद्राजवळ लाल होऊन पाणी यायला लागलं, बोटं बधिर झाली, तर पत्र, वही, आत्या सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मालिशवाल्याकडे नेण्याचा बेत तुझ्या मित्रांनी केला आहे, तेही कानावर आलं. "एक झटका देते अन् मोकळा करते" असं म्हणणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. कलमाची आठवण ठेव आणि जाऊ नकोस. माझ्या ओळखीची एक बाई गेली होती. तिचं पुन्हा ऑपरेशन झालं.

दोन गोष्टी तुला कडू लागतील. तीन महिन्यांची शुगर तपासून घे. आपल्या घरात तुझ्या आजोबांपासून आहे, आणि मधुमेह्यांचा खांदा जास्त आखडतो, जास्त दिवस आखडलेला राहतो. दुसरी गोष्ट खर्रा. गालात काय भरलं आहे ते फोनवर बोलण्यावरून कळतं मला. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि आधीच जिथे रक्त कमी पोचतं तिथे आणखी कमी पोचतं. तू दिवसभर व्यायाम करून जे जोडतोस त्याच्या पायात तीच पुडी खोडा घालते. कायमचं सोड म्हणण्याचा माझा हक्क तू कधी मानला नाहीस. वर्षभर सोड, खांद्यासाठी.

झोपेचं माझ्याकडून घे, हे मी स्वतः शोधलं आहे. सपाट झोपलं की कोपर मागे पडतं आणि खांदा ओढला जातो. पाठीमागे दोन लोड लावून अर्धवट बसतं झोप आणि कोपराखाली घडी घातलेली गोधडी ठेव, म्हणजे कोपर नेहमी छातीच्या पातळीच्या थोडं पुढे राहील. उन्हाळा तू त्या पट्ट्यात काढलास, बगलेत घामोळं फुटलं, हे सोसलं तर आता पावसाळ्याची रात्र काय आहे.

आता कावड.

मी तुझी आत्या आहे आणि अकोल्याची लेक आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेचं पाणी घालायला गांधीग्रामहून जी कावड निघते, ती मी लहानपणापासून पाहिली आहे. तुझे बाबा अनवाणी जायचे, तळपायाला फोड घेऊन यायचे आणि आईकडून हळद लावून घ्यायचे. तेव्हा कावडी लहान होत्या. आता एकेका मंडळाची कावड शेकडो भरण्यांची, म्हणजे पाण्याने भरलेल्या घागरींची, बांबूखाली माणसंच माणसं. म्हणून तू म्हणणार, वजन वाटलं जातं, माझ्या वाट्याला कितीसं येणार? वजनाचं मला भय नाही, झटक्याचं आहे. अठराएक किलोमीटर, रात्रभर, ओला रस्ता, ढोल, पुढच्याचा पाय खड्ड्यात गेला की त्याच्या वाटचा भार तुझ्या खांद्यावर क्षणात येतो आणि तू सवयीने उजवा हात वर करून बांबू धरणार. कट्टा उचललास तेव्हाही झटकाच होता. साडेपाच महिन्यांची कंडरा असल्या झटक्यासाठी तयार नसते, आणि दुसऱ्यांदा सुटलेली कंडरा शिवणं पहिल्यापेक्षा अवघड.

मंडळाला शब्द दिला आहे, तो मोडू नकोस. तुझ्या अध्यक्षाला सांग, यंदा मी खांदा देणार नाही, बाजूने चालणार. दोरखंड धरून गर्दी बाजूला सारणारी माणसं लागतात, तेही काम करू नकोस, तिथेही ओढाताण असते. पाण्याचं वाटप, चपला सांभाळणं, हिशेब, थकलेल्यांना टेम्पोत बसवणं. ती कामं करणाऱ्यांची नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून तू ती कधी केली नाहीस. डाव्या हातात तांब्या घे, पूर्णेत भर आणि चालत ये. महादेव भरणी मोजत बसत नाही. पुढच्या श्रावणाला सर्जन हो म्हणाला तर मी स्वतः तुझ्यासोबत गांधीग्रामपर्यंत येईन, टेम्पोतून.

मी येत्या रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून निघते. भिंतीवरची खूण माझ्यासमोर करायची आहे, त्या सकाळचा व्यायाम मी आल्यावरच कर. स्टेशनावर सूनबाईला रिक्षाने पाठव. तू मोटारसायकल घेऊन आलास तर मी मागे बसणार नाही, आणि पिशवीत लोणच्याची बरणी आहे ती तुझ्या उजव्या हातात देणार नाही.

तुझी,
आत्या